सेनोबियाचा शिक्का

चुन्यो सोलायचं काम अर्धं झालं होतं. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर गोठवून वाळवलेले हे काळे बटाटे आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात. मग एकेक हातात घेऊन उरलीसुरली साल नखानं काढायची, पाणी पिळायचं आणि दुसऱ्या पातेल्यात टाकायचा. पाणी असं गार, की थोड्या वेळानं बोट कुठलं आणि बटाटा कुठला हे बघितल्याशिवाय कळत नाही. शेगडीजवळ माझी सून नेइसा बसली होती, माझ्या मुलाचा, रिमबेर्तोचा, जाड कोट अंगावर घेऊन. तिनंही मदतीला दोन-चार बटाटे सोलले, मग धाप लागली तशी हात पुसून भिंतीला टेकली. दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती. गुरुवारच्या गाडीचं तिकीट कोटाच्या खिशात होतं.

तेवढ्यात सेनोबिया आत आली. आमचं दार ती कधी वाजवत नाही. रिमबेर्तोच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तिनंच त्याला हातावर घेतलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि कोमाद्रेला दार वाजवायला लावत नाहीत. अंगात तिचा लॅबोरेटरीतला पांढरा कोट होता, त्यावर शाल. कामाच्या वेळी ती कोट घालून रस्त्यावर आलेली मी कधी पाहिली नव्हती.

"कोमाद्रे, ते बटाटे राहू दे. सुनेला घेऊन माझ्याकडं चल."

"आत्ता? सूप टाकायचंय अजून."

"सूप कुठं पळून जात नाही. तुझी सून चाललीय."

नेइसा कोटातूनच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, परत सुई टोचणार का? तुम्ही डोंगरावरची माणसं फार टोचता बाई. आमच्याकडं हे काम डास करतात, फुकटात."

सेनोबिया हसली नाही. एरवी ती हसली असती.

त्या बॅगेचं आधी सांगायला हवं. नेइसा खालची, आमच्याच देशातल्या त्रिनिदाद गावची. नद्या, केळी आणि घाम यांच्या मुलखातली. रिमबेर्तो तिकडं एका मित्राच्या लग्नाला गेला आणि स्वतःचं ठरवून आला. कचेरीत जाऊन सह्या केल्या. देवळातलं लग्न कँदेलारिया मातेच्या सणाला, फेब्रुवारीत, आमच्याच चर्चमध्ये लागायचं होतं. तिच्या आईनं मुलगी पाठवताना एकच अट घातली: डोंगर मानवला नाही तर ती घरी येईल, आणि एकदा आली की पुन्हा वर चढणार नाही. आम्हाला वाटलं, आया असं बोलतातच. पण नेइसा इथं आली ती डोकेदुखी घेऊनच. पायऱ्या चढताना ओठ निळसर, चार शब्द बोलली की थांबायची. मी कोकाच्या पानांचा चहा दिला, लामा प्राण्याच्या हाडांचं सार दिलं, उशाशी मातेची तसबीर ठेवली. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टर उरिओनांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन बारा पूर्णांक आठ. खाली कोपऱ्यात सेनोबियाचा जांभळा शिक्का होता: बायकांचं साडेचौदा ते सतरा. डॉक्टरांनी शिक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "या उंचीला हिचं रक्त पुरत नाही. फार कमी आहे. हिला खाली न्या, तिकडंच उपचार करा. पुढचं पुढं बघू."

पुढचं काही नव्हतं, ते आम्हाला ठाऊक होतं. रिमबेर्तोला खाणीखेरीज दुसरं काम येत नाही. "खाली जाऊन काय खणू आई, चिखल?" एवढंच तो म्हणाला आणि डबा घेऊन कामावर गेला. तिकीट त्यानंच काढून आणलं. तेव्हापासून घरात सगळे जेवत होते आणि त्या बॅगेला वळसा घालून जात होते.

आता सेनोबियाचं सांगते, कारण हे सगळं तिचं आहे.

तिचा बाप आमच्या माणसांसारखाच डोंगराच्या पोटात काम करायचा आणि आमच्या माणसांसारखाच छातीत धूळ भरून गेला. तो खाणीच्या दवाखान्यात पडून होता तेव्हा ही पोर त्याच्या पायाशी बसलेली असायची. तिथल्या एका सिस्टरनं, नर्स म्हणून नव्हे, नन म्हणून सिस्टर, तिला करमेना म्हणून बारीक गोष्टी बघायच्या दुर्बिणीशी नेलं आणि बापाच्या रक्ताचा थेंब दाखवला. मी एकदा विचारलं होतं, काय वाटलं गं तेव्हा? ती म्हणाली, "मला वाटलं होतं आत सगळं लाल लाल असेल. तर आत गर्दी होती. सणाला चौकात जमते तशी. आणि सगळे कुठंतरी निघालेले." बाप वाचला नाही. पण ती गर्दी तिच्या डोळ्यांतून गेली नाही. सुक्रे शहरात जाऊन शिकली, रक्त तपासणारी डॉक्टरीण झाली आणि परत आली. बाकीचे जे शिकले ते परत आले नाहीत.

बाजाराच्या खालच्या गल्लीत मावशीच्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं पाटी लावली. सुरुवातीला लोक दारातूनच परतायचे. आमच्याकडं भीती असते, की एकट्यादुकट्या माणसाला गाठून अंगातली चरबी चोरणारा कुणीतरी फिरत असतो. आता ही एक रक्त काढणारी आली. उरलेल्या रक्ताचं करते काय? विकते काय? बटाटे विकणारी म्हातारी पेत्रोना तर हटूनच बसली होती. "माझ्या अंगातनं निघालं ते माझं. कामापुरतं घे, उरलेलं दे परत." सेनोबियानं तिला समजावलं नाही. तिला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि दुर्बिणीतून तिचंच रक्त दाखवलं. पेत्रोना बराच वेळ वाकून बघत राहिली. मग कमरेला हात लावून उठली आणि म्हणाली, "एवढे सगळे माझ्यात राहतात, आणि भाडं एक देत नाही." दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातल्या आपल्या अख्ख्या ओळीला तपासणीला पाठवलं.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सेनोबिया परसात जाऊन मातीवर दारूचे चार थेंब शिंपडते. ज्यांचं ज्यांचं रक्त घेतलं त्यांच्या वतीनं, असं म्हणते. आणि रोज सकाळी दुर्बिणीला डोळा लावण्याआधी छातीवर क्रूस करते. पाद्रीबाबांनी एकदा थट्टेनं विचारलं, की मातीचं आणि मातेचं, दोन्ही खाती कशाला. ती म्हणाली, "बाबा, रक्त दोघींनी मिळून केलंय. मी एकीला कशी वगळू?" मला ते फार आवडलं होतं. माझ्या डायरीत त्या दिवशीच्या पानावर मी तेवढंच लिहून ठेवलं आहे.

शिक्क्याची गोष्ट त्यानंतरची. पाववाल्याची मुलगी होती, शाळेत जाणारी. पायऱ्या चढताना बसायची, वर्गात पेंगायची, बाई तिला आळशी म्हणायच्या. रक्तात हिमोग्लोबिन बारा पूर्णांक नऊ. सेनोबियाच्या पुस्तकात लिहिलेलं, मुलींना बारा म्हणजे पुष्कळ. पुस्तकाप्रमाणे पोर ठणठणीत. पण सेनोबियानं काचेवर बघितलं, तर पेशी बारक्या, फिकट, मधला भाग नुसता पांढरा, बांगडीसारख्या. शरीरात लोहच नव्हतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पुस्तक समुद्राजवळ राहणाऱ्यांनी लिहिलंय. तिथं हवा दाट. इथं एका श्वासात येतं थोडं, म्हणून आपल्या रक्ताला वाहणारे हात जास्त लागतात. तिथला पुरेसा आकडा इथं उपासमारीचा.

मग तिनं गावातली धडधाकट माणसं जमवली. बाजारातल्या बायका, फुटबॉल खेळणारी पोरं, मठातल्या नन्स, एकदा तर एका लग्नाचं अख्खं वऱ्हाड. प्रत्येकाचं बोटभर रक्त आणि बदल्यात जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी. त्यातून आमच्या उंचीचे आकडे काढले आणि बाजारातल्या शिक्केवाल्या डॉन तिबुर्सियोकडून त्यांचा शिक्का कोरून घेतला. पाववाल्याच्या पोरीला लोहाची औषधं मिळाली. पुढं तीच डोक्यावर पावांची परात घेऊन घरोघरी फिरायची. तेव्हापासून सेनोबियाच्या हातून सुटलेल्या प्रत्येक रिपोर्टवर उजव्या कोपऱ्यात तो शिक्का बसतो. उलट रक्त फार दाट होऊन, बावीस हिमोग्लोबिन घेऊन जांभळ्या तोंडानं येणाऱ्या पुरुषांना तिनं त्याच शिक्क्यावरून ओळखलं आणि खालच्या खोऱ्यात धाडून वाचवलं. तिचे आकडे या गावात देवळाच्या घंटेसारखे झाले. कुणी उलट विचारत नाही.

मशीन आलं तेव्हाचीही एक गंमत. रक्ताची नळी ठेवली की आपोआप कागद बाहेर येणारं मोठं मशीन. बसवायला खालून इंजिनिअर आला. आमच्याकडं नवी वस्तू कोरडी ठेवत नाहीत. सेनोबियानं मशीनच्या चारी पायांशी दारू शिंपडली, वर रंगीत कागदाच्या झिरमिळ्या टाकल्या, आणि पाद्रीबाबा तीर्थ घेऊन आले. इंजिनिअर जाकीट पसरून मशीनवर आडवा झाला. "बाबा, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे." बाबा म्हणाले, "बाळा, तुझ्यातही आहे, तुझ्यावरही टाकतो." कागदावर आकड्यांच्या शेजारी नेहमीच्या मर्यादा छापून येत होत्या, त्या समुद्राकडच्याच. इंजिनिअर म्हणाला, बदलायच्या तर कंपनीला कळवावं लागेल. सेनोबिया म्हणाली, "राहू दे. माझा शिक्का आहे."

तर असा तो शिक्का. नेइसाच्या रिपोर्टवरही तोच बसला.

लॅबोरेटरीत पोचेपर्यंत नेइसा तीनदा थांबली. सेनोबियानं तिला खुर्चीत बसवलं, पण सुई हातात घेतली नाही. आधी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या उलटून बघितल्या. जीभ बघितली. नखं दाबून बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कोमाद्रे, मी काल रक्ताच्या जुन्या काचा कपाटात लावत होते. हिची काच हातात आली. मशीननं आकडे दिले, मी शिक्का मारला, रिपोर्ट गेला. काच बघितली होती, पण नीट ऐकली नव्हती."

"काच ऐकायची असते?"

"एक आकडा कधी बोलत नाही. सगळे मिळून बोलतात." तिनं नेइसाचा रिपोर्ट पुढं केला. "हिमोग्लोबिन कमी, बरोबर. पण लोह नसेल तर पेशी बारक्या व्हायला हव्यात. हिच्या पेशींचा आकार बघ, नव्वद. भरलेल्या. लहानमोठ्या पण नाहीत फारशा. पांढऱ्या पेशी जागच्या जागी, म्हणजे कुठं मोठा संसर्ग दिसत नाही. प्लेटलेट पुरेशा. आणि काचेवर काही पेशी मोठ्या आहेत, निळसर झाक असलेल्या. त्या नव्या. नुकत्या जन्मलेल्या. आता प्रश्न असा, की एवढ्या नव्या पेशी का येतायत."

तिनं रिपोर्ट बाजूला ठेवला.

"रक्त कुठंतरी सांडत असलं, तर शरीर घाईनं नव्या पेशी पाठवतं. रक्त आतल्या आत फुटत असलं, तरी पाठवतं. ही जंगलाकडून आलेली. मला भीती हिवतापाची होती. म्हणून सकाळपासून तिच्या काचेवर बसले होते. एकेक पेशी धुंडाळली."

नेइसाची थट्टा आता संपली होती. "आणि?"

"काही नाही सापडलं. डोळे पिवळे नाहीत. पाळी?"

"नेहमीसारखी."

"शौचाला काळं?"

"नाही हो."

सेनोबिया स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. "पोरी, तू वर कधी आलीस?"

"मृतांचा सण झाल्यावर. मेजावर अजून नैवेद्याच्या पावाच्या बाहुल्या होत्या. आईंनी मला पहिला पाव दिला."

"आणि मी रक्त घेतलं तेव्हा तुला येऊन किती झालं होतं?"

नेइसानं माझ्याकडं बघितलं. मीच म्हटलं, "पुरता दुसरा आठवडाही सरला नव्हता."

सेनोबियानं हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "कोमाद्रे, एवढी वर्षं मी हा प्रश्न कुणाला विचारलाच नाही. विचारणार कशाला? इथं येतं कोण? इथून तर सगळे जातात."

ते खरंच होतं. आमच्या गल्लीतली अर्धी दारं खाली गेलेल्या माणसांची आहेत. डोंगर सोडून जाणाऱ्यांना आम्ही पोतडी बांधून देतो, जेवण देतो, क्रूस करून निरोप देतो. वर येणाऱ्याला काय विचारायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. शिक्का या मातीतल्या माणसांच्या रक्तावरून केलेला. तो खालच्या मुलखातून आलेल्या मुलीच्या कागदावर ठेवला, आणि गाव म्हणालं ही आजारी.

"म्हणजे मी आजारी नाही?" नेइसानं विचारलं.

"ते मी अजून म्हटलं नाही. तुझं रक्त खालच्या मापानं पुरेसं आहे. इथल्या मापानं कमी आहे. दोन्ही खरं. आता मला एवढंच बघायचंय, की ते वर चढतंय का. हात दे."

तिनं रक्त घेतलं. थोडं एका बारीक नळीत निळ्या रंगात मिसळलं आणि नळी मुठीत धरून बसली. त्याला अंगाची ऊब लागते म्हणे. पाण्याची ऊब देणारं भांडं आहे तिच्याकडं, पण ते गरम व्हायला वेळ घेतं, आणि मला वाटतं तिला त्या घटकेला काहीतरी हातात धरायचं होतं. ती मुठीत नळी धरून बसलेली आणि मी पर्समधली जपमाळ काढून मुठीत धरलेली. नेइसानं दोघींकडं बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघी मिळून अंडी उबवताय असं दिसतंय."

मग सेनोबियानं काचेवर थेंब ओढला, दुर्बिणीखाली ठेवला, क्रूस केला, डोळा लावला. तिचा अंगठा मोजणीच्या बटणावर टिकटिक करत राहिला. बराच वेळ. मी तिच्या खांद्याकडं बघत होते. आमच्या चर्चमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर बसते, तिचे खांदे मला पाठ आहेत. आधी ते वर चढलेले होते. मग हळूच खाली आले.

"ये," ती म्हणाली. "आधी तू ये पोरी. हे तुझं आहे."

नेइसानं एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून पुन्हा बघितलं. मग मी वाकले.

मला रोज जगाच्या मालकाचं नाव घ्यायची सवय आहे. सकाळी उठल्यावर घेते, भाकर भाजताना घेते. पण तिथं मी नाव घ्यायला विसरले. फिकट हिरवट उजेडाचं एक वर्तुळ होतं आणि त्यात गोल गोल पेशी, शांत, एकसारख्या. आणि त्यांच्यामध्ये काहींच्या पोटात निळ्या धाग्याची गुंतवळ. जसं कुणी विणायला बसलंय आणि लोकर अजून सुईवरच आहे. एक, शेजारी दुसरी, पलीकडं तिसरी.

"त्या निळ्या धाग्याच्या म्हणजे नव्या," सेनोबिया माझ्या कानाशी बोलत होती, हळू, देवळात बोलतात तशी. "हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. बाहेर आल्यावर दिवसाभरात धागा विरून जातो. खालच्या माणसाच्या रक्तात शंभरात एखादी असते. हिच्यात चार आहेत."

"कोण सांगतं त्यांना?"

"मूत्रपिंड."

"काय बाई म्हणतेस."

"खरं सांगते. हवा पातळ झाली हे मूत्रपिंडाला आधी कळतं. गाडी चढावर लागली असेल, ही झोपलेली असेल, डोकं खिडकीला. आणि आत निरोप सुटला असेल. हाडांपर्यंत. वाढवा. आपण हिला घरात घेऊन कौतुक करत होतो, सार पाजत होतो, तेव्हा आत कामं सुरू झालेली. हिला माहीत नाही, रिमबेर्तोला माहीत नाही. आपण म्हणत होतो हिला डोंगर मानवत नाही. तिचं रक्त डोंगर शिकत होतं."

मी डोळा बाजूला केला तेव्हा नेइसा आपल्या मनगटाकडं बघत होती, आतून, जिथं निळी शीर दिसते तिथं. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

आम्ही तिघी डॉक्टर उरिओनांकडं गेलो. सेनोबियानं जुना रिपोर्ट, आजचा तेरा पूर्णांक एकचा रिपोर्ट आणि काचेचा आकडा समोर ठेवला आणि सरळ म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली, डॉक्टर. शिक्का चुकीच्या माणसावर बसला."

डॉक्टरांनी कागद शेजारी शेजारी लावून वाचले. "मीही तिला विचारलं नाही, कधी आलीस म्हणून," ते म्हणाले. "पण सेनोबियाबाई, रक्त चढतंय म्हणजे पोरगी सुरक्षित, असं नाही म्हणता येणार."

"मी तसं म्हणतही नाही."

मग त्यांनी अटी सांगितल्या. ओझं उचलायचं नाही. डोकेदुखी वाढली, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकला सुरू झाला, तर त्याच दिवशी खाली, तिकिटाची वाट न बघता. लोहाची गोळी चहासोबत नाही, संत्र्याच्या रसासोबत. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. आकडा चढला तर राहायचं. जागच्या जागी राहिला तर जायचं. नेइसानं मान हलवली. रिमबेर्तो संध्याकाळी आला, ऐकलं, आणि तिकीट खिशातून काढून मातेच्या तसबिरीच्या मागं खोचलं. फाडलं नाही. मीही म्हटलं नाही फाड म्हणून.

नेइसाच्या आईचा फोन मी सेनोबियाच्या हातात दिला, कारण माझं तिच्याशी दोन वाक्यांच्या वर कधी निभावलं नाही.

"तुमच्या डोंगरानं माझ्या पोरीचं रक्त पातळ केलं म्हणे," तिकडून आवाज इतका मोठा, की फोनची गरजच नव्हती.

"पातळ नाही, बाई. दाट करतोय. थोडा वेळ द्या."

"तुम्हा वरच्यांना सगळ्यालाच वेळ लागतो. पाणी उकळायला, जेवण शिजायला, हसायला."

"पाणी आमच्याकडं लवकर उकळतं हो," सेनोबिया म्हणाली. "बटाटा शिजत नाही तेवढा त्यात."

आई म्हणाली, "दोन आठवडे. त्यात काही झालं तर मी स्वतः येते वर."

"या. तुमचंही रक्त बघू. पण येताना कधी निघालात ते लिहून ठेवा, मला आता सवय लागलीय विचारायची."

ते दोन आठवडे कसे गेले ते मी सांगत बसत नाही. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेले. पुढच्या बाकावर सेनोबिया होती, तिचे खांदे पुन्हा चढलेले. ती कुणासाठी मेणबत्ती लावत होती, ते मी विचारलं नाही. मीही त्याच मुलीसाठी लावत होते. नेइसा पहिल्या आठवड्यात दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. एक दिवस तिनं एका श्वासात तक्रार केली, की इथलं सूप फार काळं असतं. सबंध वाक्य, मध्ये न थांबता. मी चुन्योच सोलत होते. हात थांबला.

आज सकाळी रक्त दिलं. दुपारी सेनोबिया आली, या वेळी कोट काढून, शाल नीट घेऊन. रिपोर्ट घडी करून हातात. रिमबेर्तो आज मुद्दाम कामावर गेला नव्हता. त्यानं कागद उघडला आणि तसाच तिच्याकडं परत दिला. सेनोबियानंच वाचलं.

"तेरा पूर्णांक नऊ. निळ्या धाग्याच्या शंभरात तीन. अजून चढतंय." आणि मग, "माझ्या साडेचौदापर्यंत यायला अजून अवकाश आहे. पण वाट बरोबर आहे."

नेइसा कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडं बघत होती. तिथं शिक्का नव्हता. मोकळी जागा होती.

"माझ्यावर शिक्का नाही मारला?"

"तुझ्या मापाचा नव्हता माझ्याकडं."

रिमबेर्तोनं मातेच्या तसबिरीमागचं तिकीट काढलं आणि आपल्या धर्ममातेच्या, सेनोबियाच्या, हातात दिलं, तिनंच काय करायचं ते करावं म्हणून. तिनं ते उलटसुलट बघितलं, मग त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या भागावर माझ्या स्वयंपाकघरातली पेन्सिल घेऊन लिहायला लागली. वरच्या ओळीत: *वर कधी आलात?* त्याखाली तीन ओळी: नुकतेच आलेल्यांचे आकडे, महिन्याभरानंतरचे, आणि वर्षानंतरचे. खालच्या दोन ओळींत आकडे भरले नाहीत. "हे अजून ठाऊक नाही," ती म्हणाली. "नेइसा, तू मला मदत करायचीस. दर पंधरा दिवसांनी बोटभर रक्त, बदल्यात आपी."

"आणि एक पाव," नेइसा म्हणाली.

"आणि एक पाव."

मी तिला जेवायला थांब म्हटलं. सूप तयार होतं, चुन्यो शिजले होते. ती नाही म्हणाली. शाल खांद्यावर ओढली, तिकीट ब्लाउजमध्ये ठेवलं आणि निघाली. दुकान बंद व्हायच्या आत तिला डॉन तिबुर्सियोकडं जायचं होतं, दुसरा शिक्का कोरायला द्यायला.